मिठाचं गाव आणि कळीचा चुना

फार पूर्वी, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं, आणि त्या गावाला एकच गोष्ट नीट करता यायची. ती म्हणजे मीठ. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं आणि उन्हावर सोपवून द्यायचं. पाणी उडून जायचं, मीठ मागे राहायचं. बायका ते फळ्यांनी ओढून त्याचे ढीग घालायच्या, पुरुष मचव्यांत भरून खाडीने वर न्यायचे. गावाचं पोट त्यावर चालायचं.

कधी एखादा ढीग अवकाळी सरीत वितळून जायचा. कधी मचव्याच्या तळाला पाणी शिरून निम्मा माल पातळ व्हायचा. गाव त्याने घाबरायचं नाही. ते पाणी पुन्हा वाफ्यात सोडायचं, आठ दिवस थांबायचं, की मीठ परत. तेच पांढरं, तेच खारट.

त्यातून गावात एक म्हण पडली होती: पाण्यात गेलं ते उन्हात येतं.

म्हण खरी होती. मिठापुरती. पण म्हण म्हातारी झाली की आपली हद्द विसरते. नवरा-बायको भांडले की वडीलधारे म्हणत, पाण्यात गेलं ते उन्हात येतं. कुणाला ताप आला तरी तेच, कुणाची गाय हरवली तरी तेच. एकदा एका सुनेच्या हातून दुधात लिंबू पिळलं गेलं आणि दूध नासलं. सासऱ्याने ते पातेलं उन्हात ठेवायला लावलं, दूध परत येईल म्हणून. तिसऱ्या दिवशी शेजारणीने नाक दाबून ते खाडीत ओतलं. त्याबद्दल पुढे कोणी बोललं नाही, आणि म्हणही कोणी बदलली नाही.

गावाचा कारभार पाच म्हाताऱ्यांकडे होता. बैठकीत बोलायची पाळी वयाने यायची. आधी सगळ्यात थोरला, मग त्याच्याहून लहान, असं उतरत उतरत. तरुणांची पाळी येईपर्यंत सूर्य कललेला असायचा, निर्णय झालेला असायचा आणि निम्मी माणसं धोतर झटकून उठलेली असायची. त्या गावातले म्हातारे इतरांपेक्षा कमी चुकायचे असं नाही. ते फक्त आधी बोलायचे.

सगळ्यात थोरले होते आबा. त्यांनी साठ उन्हाळे मीठ पिकवलं होतं. वाफ्यातल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून ते सांगायचे की मीठ किती दिवसांत धरेल, आणि त्यात कधी चूक व्हायची नाही.

याच गावात बारकी राहायची. वय एकोणीस, पण नाव बारकी, कारण आई-बाप गेले तेव्हा ती बारकी होती आणि नंतर कोणाला दुसरं नाव सुचलं नाही. तिला तिच्या भावाने, गोमाने वाढवलं होतं. तो तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याने तिला माशातले काटे काढून भरवलं, तिची वेणी घालायला शिकला आणि ती शेवटपर्यंत वाकडीच घातली. आता तो गावातला सगळ्यात चांगला नावाडी होता. एकमेकांपलीकडे त्यांना कोणी नव्हतं.

आई-बाप गेले त्या वर्षी आबांनी दोघांना आपल्या पंक्तीला जेवायला बसवलं होतं. गोमा ते विसरला नव्हता. बारकीही विसरली नव्हती. पण तिचं म्हणणं असं, की जेवायला घातलं म्हणून माणूस प्रत्येक बाबतीत बरोबर ठरत नाही.

त्या वर्षी खाडीसमोरच्या बेटावर राजाचा किल्ला बांधला जात होता. राजाचा कारभारी गावात आला आणि म्हणाला, “भिंतींना चुना हवाय. खाडीच्या वरच्या अंगाला भट्ट्या आहेत. तुमच्या दोन मचव्यांतून चुना पावसाआधी बेटावर पोचवा. बदल्यात तुमच्या बांधाला लागेल तेवढा दगड देतो.”

गावाचा बांध मागच्या पावसाळ्यात निम्मा खचला होता. आणखी एक पावसाळा, की खाडी थेट घरांत शिरणार होती. कारभारी नीट बसायच्या आत आबांनी होकार दिला. एवढ्यापुरतं आबांचं बरोबर होतं, हे सांगायला हवं.

माल भरायला मचव्यांबरोबर बारकीही गेली. भट्टीवर एक बाई होती. उंच, सुकलेली, भुवया जळून गेलेल्या. ती आपल्या माणसांकडून पांढरी ढेकळं मोजून टोपल्यांत घालून घेत होती.

“हे काय आहे?” बारकीने विचारलं.

“कळीचा चुना.”

“मला तर दगडच दिसतोय.”

“दगडच होता, भट्टीत जायच्या आधी. उचलून बघ. दगडाचं वजन लागतंय का हाताला?”

बारकीने एक ढेकूळ उचललं. ते निम्म्या वजनाचं होतं. आतून कोणी काहीतरी काढून नेल्यासारखं.

“दगड फोड, कुट, चाळ,” भट्टीवाली म्हणाली, “तो दगडच राहतो. नुसतं सोंग बदलतं. आगीत गेला की मूळच बदलतं. हा आता दगड नाही. आणि याला पाणी मिळालं की हाही राहणार नाही, तिसरंच काहीतरी होईल. ते होताना तो असा तापतो, की जवळ उभं राहवत नाही.”

तिने डावा हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत होती, ओढल्यासारखी, लव नसलेली. “ओल्या पदरात चार कळ्या बांधून घेतल्या होत्या. चारच.”

“पण मावशी, सोंग कुठलं आणि मूळ कुठलं, ते ओळखायचं कसं?”

भट्टीवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक तिला हा प्रश्न याआधी कोणी विचारला नव्हता. “मूठभर घ्यायचं आणि करून बघायचं. आपोआप तापलं, फसफसलं, फुगलं, आणि परत आणू म्हटलं तर येईना, तर समजायचं मूळ गेलं. दुसरी युक्ती मला ठाऊक नाही.” मग ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कोरडा ठेवा रे. पाणी दाखवू नका याला.”

मचव्यावरून आबांचा नातू हसला. गोमाच्या जोडीला तोच वल्ह्यावर असायचा. महिन्यापूर्वीच त्याचं लग्न झालं होतं आणि त्याला सगळ्याच गोष्टींचं हसू यायचं. “मावशी, आमचा जन्म पाण्यात गेला. आम्हाला पाणी शिकवू नका.”

“मी पाणी शिकवत नाहीये, बाबा. चुना शिकवतेय.”

निघताना भट्टीवालीने बारकीला सुक्या करवंटीत थोड्या कळ्या घालून दिल्या. मचवे गावाला येऊन लागले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बेटाकडे सुटायचं ठरलं.

सकाळी बारकी घरामागे बसली आणि तिने करून बघितलं. एका कळीवर तिने ओंजळीतलं पाणी शिंपडलं. आधी काहीच नाही. पाणी आत शोषलं गेलं. मग कळी चिरकली, फसफसली, वाफ आली, आणि बघता बघता तिची भुकटी झाली, मूळच्या दुप्पट. बारकीने काडी लावून पाहिली. काडीचं टोक काळं पडलं. दुसरी कळी तिने भरलेल्या घागरीत सोडली. तीही फुटली, पण एवढ्या पाण्यात तिची आग विरून गेली, पाणी नुसतं कोमट झालं. भुकटी उन्हात पसरून ती वाट बघत राहिली. भुकटी गार झाली. भुकटीच राहिली.

तेवढ्यात वारा सुटला. मचव्यांत उघड्या पडलेल्या चुन्याची धूळ उडून नावाड्यांच्या डोळ्यांत जाऊ लागली. म्हाताऱ्यांनी पारावर बैठक घेतली.

मिठाच्या ढिगाला वाऱ्याने धूळ सुटली की त्या गावात एक ठरलेला उपाय होता. ढिगावर वरून पाणी शिंपडायचं आणि फळीने थोपटायचं. वरचं मीठ किंचित विरघळतं, उन्हाने पुन्हा धरतं आणि ढिगावर घट्ट खपली तयार होते. मग वारा काही करू शकत नाही. हे काम तिथलं शेंबडं पोरही करायचं.

“त्यात काय एवढं,” आबा म्हणाले. “सुटायच्या आधी दोन्ही मचव्यांतल्या मालावर पाणी शिंपडा, खपली धरू द्या. वरून ओल्या चटया टाका. झालं.”

दुसऱ्या म्हाताऱ्याने मान डोलावली. तिसऱ्याने डोलावली. बारकी मागे बायकांत उभी होती. तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी होती. ती पुढे आली.

“आबा, पाणी शिंपडू नका.”

“पाळी कुणाची आहे?” दुसरा म्हातारा म्हणाला. त्याला सगळे नाना म्हणत.

“माझी पाळी येईपर्यंत मचवे सुटलेले असतील, नाना.”

“मग सुटू देत. तुला काय त्यांच्यात बसून जायचंय?”

बायकांमध्ये कुणीतरी हसलं. बारकीने करवंटी पारावर ठेवली, एका कळीवर पाणी शिंपडलं आणि मागे सरकली. पाचही म्हातारे वाकून बघू लागले. कळी थोडा वेळ गप्प होती. मग चिरकली, फसफसली, फुगली, आणि करवंटीच्या कडेतून वाफ वर आली. नानांनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“तापट दिसतोय,” नाना म्हणाले. पार हसला.

आबा हसले नाहीत. ते बघत होते. “बारके, मीठ विस्तवावर टाकलं तर तडतडतं की नाही?”

“तडतडतं.”

“म्हणून त्याचं मीठपण जातं का?”

“नाही.”

“मग हा तडतडला म्हणून काय बिघडलं?”

“मिठाला आपण विस्तव देतो, आबा. याला विस्तव कोणी दिला? मी तर पाणी दिलं.”

उत्तर नसलं की त्या गावात म्हण काढायचे.

“ती भुकटी उन्हात ठेव,” आबा म्हणाले. “पाण्यात गेलं ते उन्हात येतं.”

“ठेवते. आठ दिवस थांबा. कळी परत आली, तर मचव्यावर मी स्वतः पाणी शिंपडते.”

“आठ दिवसांनी वारा फिरलेला असेल. कारभारी दगड दुसऱ्या गावाला देईल. मग बांधात आडवी तू झोपणार आहेस का?”

“थांबू नका मग. आजच सुटा. फक्त कोरडा न्या. धूळ उडते तर डोळ्यांना फडकी बांधा. शिंपडू नका, बास.”

फडकी. चार माणसांना चार फडकी, एवढाच सगळा खर्च होता. आबांना ते पटलंही असावं, कारण ते क्षणभर थांबले. समोर पुरावा होता. करवंटी अजून गरम होती. पण पारावर सगळं गाव बसलं होतं, आणि साठ वर्षांत आबांनी दिलेला शब्द एका मुलीच्या सांगण्यावरून कधी फिरला नव्हता.

“उद्या तू आम्हाला मीठ कसं पिकवायचं तेही सांगशील,” आबा म्हणाले, आणि उठले. ते उठले म्हणून सगळे उठले.

बारकी धक्क्याकडे धावली. गोमा पारावरून तिच्याआधीच पोचला होता आणि मचव्यात उभा राहून दोर सोडत होता. आबांचा नातू वल्ही लावत होता.

“दादा, तुझ्या मचव्यात पाणी टाकू नको.”

“आबांनी सांगितलंय.”

“तू बघितलंस ना, काय झालं ते.”

“बघितलं.” गोमाने तिच्याकडे पाहिलं नाही. “हे बघ, त्या मचव्यावर शिंपडतील आणि माझा कोरडा राहिला, तर सगळ्यांसमोर आबा खोटे पडतील. ज्याचं अन्न खाल्लं त्याला धक्क्यावर उभं करून खोटं पाडू?”

“अन्नाचा आणि चुन्याचा काय संबंध, दादा?”

“तुला नाही कळायचं.”

“मला कळतंय. तुला भीती वाटतेय, आणि ती चुन्याची नाही.”

गोमा चिडला नाही. तो कधीच चिडायचा नाही. तोच त्याचा दोष होता. त्याने बादली खाडीत बुडवली, वर काढली आणि चुन्याच्या ढिगावर रिकामी केली. मग दुसरी. नातवाने फळीने थोपटलं. मोठमोठी ढेकळं होती, पाणी गिळून गप्प राहिली. वरून ओल्या चटया टाकल्या. आबा काठावर आले होते, त्यांनी हात करून दाखवलं.

“बघ. काही झालं का?”

मचवे सुटले.

धक्का रिकामा झाला, पण बारकी गेली नाही. मचवे खाडीच्या मध्यावर गेल्यावर गोमाच्या मचव्यातून धुरासारखं काही वर येताना तिला दिसलं. तो धूर नव्हता, वाफ होती. चटया वर उचलल्या जात होत्या, जणू खाली कोणी झोपलं होतं आणि आता उठून बसत होतं. चुना फुगत होता. मग फळ्या तडकल्याचा आवाज पाण्यावरून काठापर्यंत आला. चटयांच्या वरच्या कडा सुकून तपकिरी झाल्या, काळ्या झाल्या, आणि पेटल्या.

आग दिसल्यावर नावाडी काय करेल? त्याने आयुष्यभर जे केलं तेच. गोमाने आणि नातवाने बादल्या उचलल्या आणि पाणी मारलं. प्रत्येक बादलीसरशी ढीग उसळला. उकळता पांढरा चिखल फुटून उडाला, अंगावर, तोंडावर, डोळ्यांत.

“उडी मारा,” बारकी काठावरून ओरडत होती, “पाण्यात उडी मारा.” मागच्या मचव्यातल्या दोघांनी ऐकलं आणि ते उडी मारून मोकळे झाले. पुढच्या मचव्यापर्यंत तिचा आवाज पोचला की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मचव्याचा तळ उकलला, शीड पेटून खाली आलं, आणि आबांचा नातू त्या शिडाखाली सापडला.

बारकी छोटी होडी घेऊन पोचली तेव्हा गोमा एका फळीला धरून किंचाळत होता. त्याचा चेहरा पांढऱ्या लगद्याने माखला होता. तिने त्याला केसांना धरलं, खाडीत उतरली आणि त्याचं डोकं पाण्याखाली दाबलं. वर काढलं, पापण्या बोटांनी उघडल्या, पुन्हा दाबलं. मागून आलेल्या होडीतून नाना ओरडत होते, “पाणी नको लावू त्याला. पाण्यानेच पेटलंय सगळं.”

तेवढं मात्र त्यांना लगेच पटलं होतं. आणि तेही चुकीचं. थोड्या पाण्याने चुना जाळतो, पुष्कळ पाण्याने धुऊन जातो, हे बारकीने सकाळी घागरीत बघितलं होतं. तिने नानांकडे लक्ष दिलं नाही. भरती ओसरायला लागेपर्यंत ती त्याला धूत राहिली, म्हणून गोमा जगला.

नातवाचं शरीर दुसऱ्या दिवशी बांधाशी लागलं. त्याच्या बायकोला ते बघू दिलं नाही.

किल्ल्याचा चुना गेला, दोन्ही मचवे गेले आणि कारभाऱ्याने दगड दुसरीकडे पाठवला. गावाने खचलेला बांध नुसत्या चिखलाने लिंपला. पण बारकीला त्या दिवसांत बांध आठवतही नव्हता. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिने गोमाच्या डोळ्यांवरची पट्टी सोडून पाहिली. दोन्ही बुबुळं पांढरी झाली होती. तव्यावरच्या माशाचा डोळा होतो तशी. तिने आयुष्यात इतके मासे शिजवले होते, एकाचाही डोळा नंतर काळा झालेला तिने पाहिला नव्हता.

आबा रोज यायचे. नातवाला पोचवून आल्यावर ते कोणाशी बोलेनासे झाले होते, पण गोमाकडे यायचे. त्याच्याजवळ बसून म्हणायचे, “आमच्याही डोळ्यांत खारं पाणी जातं रे. दोन दिवस लाल होतात, दिसत नाही, मग निवळतात. तुझे जरा जास्त दिवस घेतील. पाण्यात गेलं ते उन्हात येतं.”

आणि त्यांनी गोमाला अंगणात, उन्हाकडे तोंड करून बसवलं. सकाळपासून सूर्य कलेपर्यंत. रोज.

गोमा बसायचा. त्याच्या कपाळाची सालं निघाली, ओठ फुटले. बारकीने त्याला आत ओढून नेलं तर तो हात सोडवून भिंत चाचपत पुन्हा अंगणात यायचा. “आबा म्हणतात येतील,” तो म्हणायचा. तिच्या ओठांवर शब्द यायचे आणि ती ते गिळायची. सगळ्या पारासमोर न घाबरलेली मुलगी एका माणसासमोर घाबरत होती, कारण आशा काढून घेतल्यावर त्याच्याजवळ काय उरेल ते तिला ठाऊक नव्हतं.

असे सतरा दिवस गेले. त्या काळात गोमाने काही शिकून घेतलं नाही. चूल कुठे, पाणी कुठे, दाराचा उंबरठा किती पावलांवर, काही नाही. परत दिसणारच आहे तर शिकायचं कशाला? तो उंबरठ्याला रोज ठेचकाळायचा आणि रोज म्हणायचा, थोडेच दिवस राहिलेत.

अठराव्या दिवशी आबा त्याच्या शेजारी बसले होते. बारकीने गोमाच्या हातात पेजेची वाटी दिली. त्याने वाटी धरली आणि तोंडाकडे नेली नाही.

“बारके,” तो म्हणाला. “आबा सांगतात येतील. नाना सांगतात येतील. जो येतो तो तेच सांगतो. तू एकटी काही बोलत नाहीस.”

बारकीने त्याच्या हातातली कलती वाटी सरळ केली.

“तू गप्प बसणारी नाहीस. म्हणून विचारतोय. तुला काय वाटतं?”

आबा म्हणाले, “बाय, आजारी माणसापुढे जपून बोलावं.”

बारकीने आबांकडे पाहिलं. म्हातारा खचला होता. तिला त्याची दया आली. पण दया आली म्हणून ती थांबली नाही. जपून बोलल्यामुळेच भाऊ इथे बसला होता.

“नाही येणार, दादा,” ती म्हणाली. “पट्टी सोडून डोळे पाहिले त्या दिवशीच मला कळलं होतं. ते खाऱ्या पाण्याने लाल झालेले डोळे नाहीत. चुन्याने भाजले आहेत. भाजलं ते परत येत नाही, कितीही उन्हात बस.”

आबांनी तोंड उघडलं, पण म्हण बाहेर पडली नाही. त्यांनी पंचा तोंडाला लावला आणि त्यांचा सगळा देह हलू लागला. नातू गेल्यानंतर ते पहिल्यांदा रडत होते. कदाचित गेलेलं परत येत नाही, हे त्यांनाही अजून कोणी सांगितलं नव्हतं.

गोमाने वाटीतली पेज हळूहळू संपवली. वाटी खाली ठेवण्याआधी हाताने जमीन चाचपली, सपाट जागा शोधली आणि मग ठेवली. सतरा दिवसांत त्याने हे पहिल्यांदा केलं होतं. मग तो सूर्याकडे पाठ करून बसला.

“सतरा दिवस फुकट बसवलंत मला,” तो म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. त्या दोघांनाही ते लागू होतं. थोड्या वेळाने त्याने हात पुढे केला. “बारके, ऊठ. मला एक काठी तोडून आण. आणि दारापासून विहिरीपर्यंत किती पावलं आहेत, ते मोजून सांग.”

तात्पर्य: काही बदल सोंगाचे असतात, ते परततात, काही मुळाचे असतात, ते कधीच परतत नाहीत. कोणता बदल कुठला, हे मूठभर घेऊन करून बघितल्याने कळतं, पिकल्या केसांना विचारून नव्हे. आणि जे परतणार नाही ते परतेल असं जो गोड बोलून सांगतो, तो दुसऱ्यांदा आंधळं करतो.